कारभारीच्या कोटातली मेणबत्ती

आमच्या म्हसरूळच्या गल्लीत कुणी "मास्तर!" अशी हाक मारली की दोन माना वळतात. एक माझी, कारण मी टेलर मास्तर. दुसरी समोरच्या कारभारीची, कारण तो बँडमास्तर. शाळेत शिकवणारा खरा मास्तर गल्लीत एकही राहत नाही, त्यामुळे आमचा मान टिकून आहे.

कारभारी त्रेसष्ट वर्षांचा. अंगकाठी इतकी बारीक की त्याचा सदरा कापताना मला दर वेळी वीतभर कापड उरतं, आणि मिशी इतकी भरघोस की देवाकडे उरलेलं सगळं त्याने तिथं लावलं असावं. सकाळी आपल्या अर्ध्या एकरातल्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या स्कूटरवर लादून तो मार्केटला जातो, दहाला परत येतो, जेवतो आणि क्लॅरिनेट घेऊन ओट्यावर बसतो. त्याला सगळं जग सुरातच ऐकू येतं. शेजारच्या गिरणीचा पट्टा हार्मोनियमच्या काळी दोनमध्ये वाजतो, माझं शिलाई मशीन बेसूर आहे, आणि मी रागावलो की माझा आवाज पांढरी पाचला जातो, ही सगळी त्याची मतं. शेवटच्या मतावरून आमचं भांडण झालं, तर ते भांडण कोणत्या पट्टीत झालं हेही त्याने नंतर सांगितलं.

त्याच्या 'गोदातरंग ब्रास बँड'मध्ये चौदा जण आहेत. सात वर्षांपूर्वी या चौदाही जणांचे कोट मी शिवले. शाळेचे गणवेश आणि पँटींच्या चेनी यांत माझा जन्म गेला. मिरवावं असं माझ्या हातून झालेलं हे एकच काम. काळपट मरून मखमल, आतून काळं साटीनचं अस्तर, बंद गळा, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर जरीच्या सहा आडव्या पट्ट्या. एकेका कोटाला चार दिवस लागले. तो कोट घालून बँड उभा राहिला की घोड्यावरचा नवरदेव त्यांचा मदतनीस वाटायचा. असं मी म्हणतो. नवरदेवाकडची मंडळी काय म्हणत, ते मी विचारायला गेलो नाही.

गेल्या वर्षी वैशाखात गिरणाऱ्याला एक लग्न होतं, ओळखीतलं, म्हणून कारभारीची बायको आणि मीही वऱ्हाडात होतो. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, म्हणजे वरात मारुतीपासून निघाली ती भर उन्हात. नवरदेवाच्या मित्रांनी नागीण मागितली. कारभारीने क्लॅरिनेटवर एक सूर धरला, लांबवला, आणखी लांबवला, मग हळूच खाली बसला आणि आडवा झाला. मित्रांना वाटलं, वा, बँडमास्तरही रंगात आला! दोघं-तिघं तोंडात रुमाल धरून त्याच्या शेजारी लोळायला लागले. ट्रम्पेट वाजवणारा योगेश "अरे, मास्तर पडले!" असं ओरडेपर्यंत ती नागीण चालूच होती.

हे मी हसत सांगतोय खरा, पण तासाभराने दवाखान्यात कुणीतरी त्याचा काढलेला कोट माझ्या हातात दिला तेव्हा तो अजून गरम होता. त्याला आणलं त्या जीपच्या टपावर पडला होता म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं. मला तसं वाटून घ्यायचं होतं, एवढंच.

डॉक्टर म्हणाले, "उन्हाचा झटका आहे. थोडक्यात वाचले. उन्हाळ्यात उन्हात वाजवणं बंद."

डॉक्टरांचं बोलणं कारभारी दोन दिवसांत विसरला असता. पण ते त्याच्या बायकोने, गोजराबाईने ऐकलं होतं. यंदा होळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी क्लॅरिनेट लोखंडी पेटीत, गोधड्यांच्या खाली गेली. पेटीला कुलूप, आणि किल्ली गोजराबाईच्या कमरेच्या चंचीत. कारभारी ओट्यावर रिकामा बसू लागला. गिरणीचा पट्टा चुकतोय असंसुद्धा म्हणेना, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

त्यातच हर्षालीचं लग्न ठरलं. हर्षाली ही कारभारीची नात, मुलाची मुलगी, नर्सिंगचं शिकलेली. मुलगा देवळ्याचा, स्थळ चांगलं. पण देवळ्याची मंडळी कांदेवाली. उन्हाळ कांदा निघून साठवणीच्या चाळीत पडेपर्यंत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून लग्न धरलं ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मुहूर्त बारा छत्तीसचा. पत्रिका बघून कारभारीचा चेहरा मेथीच्या शिळ्या जुडीसारखा उतरला.

त्याचं कारण वीस वर्षांपूर्वीचं आहे. त्याची मुलगी शुभांगी, तिच्या लग्नात तो वाजवू शकला नव्हता. मुलीचा बाप कन्यादानाला बसणार की बाजा वाजवणार? नवरदेवाकडच्यांनी बाहेरगावचा बँड आणला होता, आणि त्यातला क्लॅरिनेटवाला अर्धा सूर खाली वाजवत होता. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, कुणीतरी "वाजवा रे वाजवा" म्हणून ओरडलं, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, पाटाशेजारी उभ्या कारभारीचे दोन्ही हात आपोआप वर आले. ओठांपर्यंत आले, रिकामे. मग त्याने त्याच हातांनी डोळे पुसले. लोक म्हणाले, मुलगी चालली म्हणून बाप रडतोय. ते तर होतंच. पण तो बेसूरही त्याला सहन होत नव्हता. शुभांगी अजूनही चिडवते, "आबा, सगळ्या गावाच्या पोरींना वाजवलं, आणि मला मात्र परका माणूस, तोही अर्धा सूर खाली."

म्हणून नातीच्या लग्नात वाजवायचंच, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं. आता त्याची इच्छा पेटीत होती आणि किल्ली चंचीत.

हर्षालीने एका संध्याकाळी जाहीर केलं, "आजोबा वाजवणार नसतील तर बाजाच नको मला."

"आजोबा असले तर वाजवतील," गोजराबाई म्हणाली. "आधी ते असायला पाहिजेत. मी काय हौस म्हणून किल्ली कमरेला लावून फिरते का?" एवढं बोलून ती आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. घाबरली होती ती. गेल्या वर्षी जमिनीवर पडलेला नवरा आणि शेजारी लोळणारी पोरं तिने बघितली होती.

दुसऱ्या दिवशी मात्र ती तरातरा माझ्या दुकानात आली.

"भाऊजी, यांना तुमच्या कोटाने पाडलं."

"वहिनी, ऊन माणसाला पाडतं. कोट कशाला पाडेल?"

"ऊन तर नवरदेवाच्या बापालाबी लागत होतं. सत्तरीचा म्हातारा, शेवटपर्यंत नाचला. अंगात काय व्हतं त्याच्या? पांढरा सदरा."

"मखमल जाड असते, म्हणून उकडतं. त्यात रंगाचा काय संबंध?" मी म्हटलं. माझा आवाज पांढरी पाचला गेला असणार.

गोजराबाईला ऊन कळतं, हे मी विसरलो होतो. गल्लीतलं निम्मं वाळवण तिच्या गच्चीवर होतं. ती म्हणाली, "मग त्याच जाडीची पांढरी मखमल असंल तर द्या. दोन पिशव्या मरून, एक पांढरी, सारख्या मापाच्या. आणि उद्या बाराला वर या."

पांढरी मखमल होती माझ्याकडे, घोड्याच्या झुलीतून उरलेली. खोटं बोलता आलं असतं, पण कापडाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. एकाच मापाच्या तीन पिशव्या शिवल्या. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलो तर सगळीकडे कुरडया, मध्ये वाटेपुरती जागा, आणि कारभारी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवलेला. गोजराबाईने एकाच पुड्यातल्या तीन मेणबत्त्या काढल्या. लाइट गेल्यावर लावतो त्या साध्याच. एकेक पिशवीत एकेक आडवी घातली, टोक बाहेर राहील अशी. एक मरून आणि एक पांढरी पिशवी उन्हात दोरीवर टांगली, दुसरी मरून टाकीच्या सावलीत.

"ही सावलीत कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणताल, मखमलच गरम. म्हणून."

तासभर आम्ही ताक पीत बसलो. नंतर तिने पिशव्या उघडल्या. उन्हातल्या मरून पिशवीतली मेणबत्ती मधेच वाकली होती, टोक खाली लोंबत होतं. पांढरीतली जशी घातली तशी. आणि सावलीतली, त्याच मरून मखमलीतली, तीही सरळ.

"कापड तेच, जाडी तीच," गोजराबाई म्हणाली. "गडद रंग ऊन पितो, पांढरा परत फेकतो. सावलीत प्यायलाच काय नाय, तर दोघं सारखे. कुरडया काळ्या कागदावर घातल्या तर सांजेला कडक, आणि पांढऱ्या धोतरावर घातल्या तर दुसरा दिवस उजाडतो. हे मला कुणी शिकवलं नाय, हाताला कळलं."

कारभारी टॉवेलखालून एकदम उजळला. "तरीच! उन्हात माझी क्लॅरिनेट तापते आणि सूर चढतो. मी आपला योगेशला शिव्या द्यायचो की तू खाली वाजवतोस."

"तीबी काळीच हाय ना," गोजराबाई म्हणाली.

मी ती वाकलेली मेणबत्ती हातात घेऊन बसलो. दवाखान्यातला गरम कोट आठवला, आणि या वेळी जीपचा टप काही मध्ये आला नाही. चौदा माणसांना मी सात उन्हाळे त्यात घालून पाठवलं होतं, आणि वर दर वर्षी विचारत होतो, "कसा दिसतो रे कोट?"

पांढरे कपडे ठरले. पण बँडवाले बिथरले. योगेश म्हणाला, "मास्तर, लोक वाढपी समजतील." आणि तसंच झालं. चैत्रातल्या एका लग्नात बँडने साधे पांढरे शर्ट घातले. कारभारी अर्थात घरी होता. एका पाहुण्याने ट्रम्पेट हातात असलेल्या योगेशपुढे ग्लास धरला आणि म्हणाला, "बाळा, मठ्ठा आण रे जरा, कोथिंबीर घातलेला." योगेश परत आला तो थेट माझ्या दुकानात.

"मास्तर, काहीही करा, पण आम्ही बँडवाले दिसलो पाहिजे."

मला तेच हवं होतं. मोत्याच्या रंगाचं सुती कापड आणलं, अंगाला सैल बसेल असा कोट बेतला, अस्तर काढून टाकलं, गळा उघडा ठेवला, जरीच्या सहाच्या जागी दोन बारीक पट्ट्या. पहिला कोट कारभारीचा. तो टांगून बघितला आणि माझा जीव खट्टू झाला. रुबाबच नाही. मग मी जुन्या कोटाची मरून मखमल काढली आणि नव्या कोटाच्या दोन्ही खांद्यांवर झोकात बसवली. वीतभरच तर होती. वर सोनेरी झालर. काय दिसला म्हणून सांगू!

गोजराबाईने कोट बघितला आणि गच्चीवर नेला. एक मेणबत्ती खिशात घातली, एक बाहीत, आणि एक फडक्यात गुंडाळून खांद्याच्या आतून टाचणीने लावली. तासाने मला हाक मारली. खिशातली सरळ. बाहीतली सरळ. खांद्याखालची वाकलेली.

"भाऊजी," ती शांतपणे म्हणाली, "डोक्यावरचं ऊन आधी खांद्यावरच पडतं."

ती ओरडली असती तर मी भांडलो असतो. एवढं कळल्यावरही मी माझी हौस माझ्या मित्राच्या खांद्यावर टाकून त्याला भर उन्हात पाठवायला निघालो होतो. लाज वाटली मला, सरळ सांगतो. त्या दुपारी ब्लेड घेऊन एकेक टाका उसवला. मखमल फक्त मनगटावर ठेवली, बोटभर रुंदीची पट्टी. तेवढीला गोजराबाईनेही हरकत घेतली नाही. उरलेल्या तेरा कोटांनाही तीच पट्टी, शिवाय डोक्याला फिकट गुलाबी फेटे. आणि क्लॅरिनेटला मी आपणहून एक पांढरी पिशवी शिवून दिली, थांबला की आत घालायला.

लग्नाच्या आदल्या दिवशी चंचीतून किल्ली निघाली. अटी ठरल्या त्या सगळ्यांसमोर. आपल्या गावातल्या मारुतीपासून कार्यालयाच्या गेटपर्यंतच वाजवायचं. वाटेत दोन कडुनिंब आहेत, दोन्हीखाली थांबायचं, मीठ-साखरेचं पाणी प्यायचं. आणि गेट आलं की वाद्य योगेशच्या हातात देऊन आत आजोबा म्हणून खुर्चीत बसायचं.

"कबूल," कारभारी म्हणाला. पेटीतून क्लॅरिनेट काढून त्याने तिचा वास घेतला. डांबरगोळ्यांचा येत होता.

लग्नाचा दिवस असा तापला की मारुतीच्या पारावर टेकवेना. चौदा मोतिया कोट आणि चौदा गुलाबी फेटे रांगेत उभे राहिले, आणि मी बाजूने चालत होतो, हातात पाण्याची कळशी. वाढपी कुणीच समजलं नाही. उलट देवळ्याची एक म्हातारी म्हणाली, "हाऊ बँड से का वरात से?" हा बँड आहे की वरातच, असं ती अहिराणीत विचारत होती. घोड्यावरचा नवरदेव मात्र गडद निळ्या कोटात वितळत होता. कारभारीने पहिल्या कडुनिंबाखाली माझ्या कानात विचारलं, "त्याचा कोट तू शिवला नाहीस ना?" मी नाही म्हटलं. मग त्याने नवरदेवाला खाली उतरवून सावलीत उभं केलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि कोट काढून हातात घ्यायला लावला. नातजावयाशी त्याचं पहिलं बोलणं ते.

गोजराबाई बायकांच्या घोळक्यात न चालता बँडच्या कडेने चालत होती. नऊवारीचा काष्टा, पायात चपला, आणि नजर कारभारीच्या पाठीवर. वाद्य वाजत होतं, पोरं नाचत होती, आणि ती एकटी नुसती बघत होती. दुसऱ्या कडुनिंबाखाली नागिणीची मागणी झाली. मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे मिटले. कारभारीने सूर धरला, लांबवला, आणखी लांबवला, आणि उभा राहिला. पोरं लोळली. तो उभाच.

गेटपाशी बँड थांबला. कारभारी घामाघूम होता, पण मिशी जागच्या जागी होती. ठरल्याप्रमाणे त्याने क्लॅरिनेट योगेशपुढे केली. एवढ्यात गोजराबाई पुढे आली आणि सगळ्यांदेखत नवऱ्याच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. बाहेर निघाली ती मेणबत्ती. सकाळी कोटाची बटणं लावताना तिने ती घातली होती. त्याला पत्ताही नव्हता. सुईत दोरा ओवताना मी धरतो तशी तिने ती डोळ्यांसमोर धरली.

मेणबत्ती सरळ होती.

"काय बघतेस?" कारभारीने विचारलं.

"काय नाय." तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि मेणबत्ती परत खिशात ठेवली. "वाद्य नका देऊ त्याला. आत या. अक्षता पडल्या की तुम्हीच वाजवा."

मग ती पटकन वळली आणि बायकांमध्ये शिरली. कळशी खाली ठेवायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.

मुहूर्त अर्थातच पाऊण तास उशिरा लागला. मंडपात सावली होती, पंखे होते. आंतरपाटाच्या एका बाजूला हर्षाली, दुसऱ्या बाजूला कोट पुन्हा चढवलेला नवरदेव, आणि कडेला कारभारी, क्लॅरिनेट पांढऱ्या पिशवीतून काढून तयार. शुभांगी त्याच्या शेजारी उभी होती. मंगलाष्टकं संपली. अक्षतांचा पाऊस पडला, "वाजवा रे वाजवा" अशी आरोळी उठली, कारभारीचे दोन्ही हात वर आले, आणि या वेळी ते रिकामे नव्हते. हर्षालीने हार हातात धरून आधी नवऱ्याकडे नाही, आजोबांकडे बघितलं. सूर पहिल्या फुंकीला लागला.

तो थांबला तेव्हा लोक जेवणाकडे वळू लागले होते. शुभांगीने त्याची बाही धरली, मी शिवलेल्या मरून पट्टीपाशी. चाळीशी ओलांडलेली बाई, पण आवाज अगदी लहान झाला होता.

"आबा, माझं राहिलंय."

कारभारीने तिच्याकडे बघितलं, ओठ पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.